लाल दोरा तसाच होता

विमानातून उड्या मारणाऱ्यांना जग वेडं म्हणतं, आणि जगाचं त्यात फारसं चुकत नाही. चांगलं धडधाकट विमान, टाकी भरलेली, वैमानिक जागा, आणि ही मंडळी दार उघडून बाहेर. बरं, एकदा करून हौस फिटली म्हणावं, तर तसंही नाही. दर शनिवार-रविवारी यांची रांग लागलेलीच. आत्याला या वेडाचं कधी नवल वाटलं नाही आणि मोहही पडला नाही. तिला साधं स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. पण ती काम करायची त्या मैदानावरून जो कोणी वर जाई, त्याच्या पाठीवर आत्याच्या हातची एक घडी असायचीच.

तिथे पॅराशूटला सगळे छत्रीच म्हणत. प्रत्येकाच्या पाठपिशवीत दोन छत्र्या. खालच्या कप्प्यातली रोजची. तिची घडी ज्याची त्यानं घालायची, सतरंजीवर गुडघे टेकून, एकमेकांची टिंगल करत. वरच्या कप्प्यातली राखीव. रोजचीनं दगा दिला तर ती. तिला मात्र परस्पर हात लावायचा नाही, ती आत्याकडेच यायची. आत्या तिला लांब टेबलावर पसरायची, एकेक शिवण बोटांखालून घालवायची, घडी घालून कप्प्यात निजवायची. ‘कोंबायची’ म्हटलेलं तिला खपत नसे. मग कप्पा बंद करणाऱ्या पिनेभोवती लाल दोरा घेऊन त्यावर शिशाचा मणी चिमट्यानं दाबायची. मण्यावर तिची खूण. तो दोरा दिसला नाही तर विमानाच्या शिडीवर पाय ठेवू देत नसत, मग तो मैदानाचा मालक का असेना.

ती आत्या झाली ती मास्तरमुळे. मास्तर तिचा थोरला भाऊ. निम्म्या मैदानाला त्यानंच उडायला शिकवलेलं. घाबरून दारात थिजलेल्यांना त्यानं गोड बोलून बाहेर काढलं होतं आणि फार शहाणपणा करणाऱ्यांना विमानातून तसंच परत खाली आणलं होतं. ते सगळे त्याला बापाच्या जागी मानत, म्हणून त्याची बहीण सगळ्यांची आत्या. त्याला स्वतःला मात्र ती दादा म्हणायची.

नवरा गेला तेव्हा ती पडद्यांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. वर्षभरात कारखान्यालाही टाळं लागलं. हातपाय गाळून बसली होती, तेव्हा दादानं तिला मैदानावर आणलं, काम शिकायला लावलं, परीक्षेला बसवलं. ती पास झाली खरी, पण तिच्याकडे राखीव छत्री कोणी देईना. पडदे शिवणाऱ्या बाईच्या घडीवर जीव कसा टांगायचा? तोंडावर कोणी बोललं नाही. तोंडावर बोलायला लागतं ते धाडस विमानातून उडी मारणाऱ्यांकडे असतंच असं नाही. छत्र्या आपल्या गुपचूप दुसऱ्या गावच्या कारागिराकडे जात राहिल्या.

दादाच्या हे लक्षात आलं. एका सकाळी त्यानं तिची पहिलीवहिली राखीव घडी पाठीवर घेतली, वर गेला, रोजची छत्री व्यवस्थित उघडली, आणि सगळं मैदान मान वर करून बघत असताना ती चांगली उघडलेली छत्री त्यानं मुद्दाम सोडून दिली. ती एखाद्या वाळत घातलेल्या ओढणीसारखी वाऱ्यावर निघून गेली. आत्या खाली तोंडावर हात दाबून उभी. मग पांढरी राखीव उघडली. दादा उतरला, छत्री गोळा करून खांद्यावर टाकली, फाटकाजवळच्या दुकानातून चॉकलेटांचा पत्र्याचा गोल डबा आणला आणि तिच्या खोलीत जाऊन स्वतःच्या हातानं चहा केला. साखर इतकी की चमचा उभा राहावा.

तिनं विचारलं, “भीती नाही वाटली तुला?”

“तुझ्या हाताची? छे गं.”

वहिनी त्यानंतर बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून आत्याच्या टेबलावर छत्र्यांची रीघ लागली. आणि मैदानावर एक रीत पडली. ज्याला आत्याच्या घडीनं वाचवलं, त्यानं तसाच गोल डबा आणायचा, तिला खुर्चीवर बसवायचं आणि आपल्या हातानं चहा करून पाजायचा. तिचा चहा संपेपर्यंत त्या खोलीत दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही. चॉकलेटं वाटून टाकली जात. रिकाम्या डब्यांत ती सुया, दोरे, मणी ठेवायची.

वर्षं गेली. दादाचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण उडी सुटली नाही. एका रविवारी दुपारी तो काखेत डबा मारून तिच्या दारात उभा राहिला, लहान मुलासारखा हसत. आज तुझ्या घडीनं वाचवलं बघ, म्हणाला. खुर्ची पुढे केली, चहा ठेवला आणि सगळं साग्रसंगीत सांगितलं. रोजच्या छत्रीची मूठ हाताला लागलीच नाही, म्हणून वेळ न घालवता राखीवचं हँडल ओढलं. शिकवतो तसंच केलं, म्हणाला. आत्यानं चहाचा घोट घेतला. चहात साखरच नव्हती. ती तसाच प्यायली.

तो गेल्यावर तिनं त्याची पिशवी टेबलावर घेतली आणि तिचा हात थांबला. राखीव छत्री उघडलेली होती, पण पिनेवरचा लाल दोरा तसाच होता. मणीही तसाच, तिच्या खुणेसकट.

राखीवच्या कप्प्यात एक छोटं यंत्र असतं. त्याला तिथे पहारेकरी म्हणत. जमीन जवळ आली आणि माणूस अजूनही दगडासारखा पडतच असेल, तर ते कप्पा बंद ठेवणारा आतला दोरीचा फास आपणहून कापतं आणि छत्री सोडतं. माणसानं हँडल ओढलं तर पिन निघते आणि लाल दोरा तुटतो. पहारेकऱ्यानं सोडवलं तर फास कापला जातो, दोऱ्याला धक्काही लागत नाही. म्हणजे दादानं काहीच ओढलं नव्हतं. तिनं रोजच्या छत्रीची मूठही पाहिली. ती जिथे असायला हवी तिथेच होती, आंधळ्यालाही सापडावी अशी. दादा पडत राहिला होता. पोटावर पसरून, मजेत, खाली बघत. आणि छत्री उघडायची असते हेच विसरला होता.

तो खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. खोटं बोलला असता तर आत्यानं त्याची चांगली खरडपट्टी काढली असती आणि दोघं मोकळे झाले असते.

ती संध्याकाळी वहिनीकडे गेली. दादा बाहेर कुंड्यांना पाणी घालत होता. घातलेल्या कुंड्यांना पुन्हा घालत होता. वहिनीनं आधी काही नाही, काही नाही केलं. मग आत्यानं दोऱ्याचं सांगितलं, तशी ती ओट्याला धरून खाली बसली. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभा होता, म्हणाली. मुलाला जावयाच्या नावानं हाक मारतो. डॉक्टरनं सांगितलंय, आता हे वाढतच जाणार. “मैदानावर तेवढा माणसात असतो गं,” वहिनी म्हणाली. “ते बंद झालं तर माझ्या हाती काय राहील? म्हणून गप्प बसले.”

आणि मैदानावरही सगळे थोडं थोडं गप्प बसले होते. कोणी त्याच्या पट्ट्याचा राहिलेला बकल हळूच लावला होता, कोणी त्याचं हेल्मेट शोधून दिलं होतं. विमानात बसण्याआधी एकमेकांची पाठ तपासायची पद्धत असते, त्या निमित्तानं सगळे मास्तरची दोनदोनदा तपासत आणि दुसऱ्याला सांगत नसत. प्रेमापोटीच सगळं. अशा प्रेमानं माणूस मरतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

हंगामाच्या शेवटी जुन्या मंडळींची वार्षिक उडी होती. आकाशात हात धरून कडं करायचं, मधोमध मास्तर. चार जण आत्याकडे आले. पुढे होता वैमानिक, दादाचाच चेला. एवढी एकच बांध, म्हणाला. ही मंडळी दोन्हीकडून त्याचे हात धरून असतील, वेळ झाली की हीच त्याची छत्री उघडतील. आत्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, कडं सुटल्यावर? सगळे लांब झाल्यावर? आणि त्यानं तुमचाच हात सोडला नाही तर?  आत्यानं मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, दोरा तुमचा, निर्णय तुमचा. मोठा शहाणा. गेली कित्येक वर्षं मैदानातला प्रत्येक निर्णय त्याचा होता, नेमका हाच आत्याचा.

तीन वेळा तिनं ती छत्री टेबलावर घेतली. घडी तर काय, डोळे मिटूनही घातली असती. आपली पहिली घडी त्यानं सगळ्यांसमोर अंगावर घेतली होती, आणि त्याची शेवटची आपण नाकारायची. तिला ते पाप वाटत होतं. पण चिमट्यात मणी धरला की तिला तो दिसायचा. पोटावर पसरलेला, मजेत.

उडीच्या आदल्या दिवशी दादा पिशवी न्यायला आला.

“दादा, मी नाही बांधली. यापुढे नाही बांधणार.”

“का?”

तिनं ती पिन, न तुटलेल्या लाल दोऱ्या-मण्यासकट, त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो ते शिकवत आला होता.  त्याच्या चेहऱ्यावर आधी कोडं होतं, मग भीती आली, आणि भीती दिसू नये म्हणून राग.

“तुला इथे कोणी आणलं?” तो म्हणाला. “तुझ्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं तेव्हा जीव कोणी दिला तुझ्या हातात?”

“तूच दिलास. म्हणूनच नाही बांधत.”

तो खुर्चीला धडकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कडं झालं. मधली जागा मोकळी ठेवून मंडळी उडाली आणि खाली येऊन एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. आत्याच्या खोलीकडे त्या दिवशी कोणी फिरकलं नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार दादा आला नाही. तिनं फोन केले, तो घेत नसे. घरी गेली तर आत पडून राही. ती मनाशी म्हणायची, एकदा येऊन भांड, शिव्या दे, पण ये. आपलं चुकलं नाही हे तिला ठाऊक होतं, तरी त्याच्या तोंडून एकदा ‘माफ केलं’ ऐकल्याशिवाय तिला गोड लागणार नव्हतं.

आणि एका रविवारी तो आला. वहिनी फाटकाशी थांबली होती. त्याच्या काखेत गोल डबा. “आज तुझ्या घडीनं वाचवलं बघ,” म्हणाला आणि खुर्ची पुढे केली.

आत्याचा जीव एकदम हलका झाला आणि पुढच्याच क्षणी तितकाच जड. त्यानं तिला माफ केलं नव्हतं. भांडण झाल्याचंच त्याच्या लक्षात नव्हतं. आता माफी मागायची तरी कोणाकडे? तिनं बसून चहा घेतला. जाताना तो म्हणाला, छत्री बांधून ठेव, पुढच्या रविवारी नेतो. तिनं खरं सांगायला तोंड उघडलं, तर तिला त्याचा त्या दिवशीचा चेहरा आठवला, तेच कोडं, तीच भीती. दर रविवारी याला हे नव्यानं कळू द्यायचं?

“ओली आहे रे,” ती म्हणाली. “वाळत टाकलीय.”

तिनं खरंच ती छताला टांगली होती. दादानं वर बघितलं आणि पसंतीची मान हलवली. ओली छत्री कधी बांधू नकोस, म्हणाला. हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. डबा आणतो, चहा करतो, वर बघून मान हलवतो. फाटकाजवळचा दुकानदार वहिनीला विचारायला लागला, एवढी चॉकलेटं कोण खातं? वैमानिक आणि बाकीचे आता चहा संपेपर्यंत बाहेर उन्हात उभे राहतात, आणि आत्याशी पुन्हा बोलतात, जरा जास्तच मऊ आवाजात. छत्री अजून वाळते आहे.

परवाच्या रविवारी चहा अगदी पाकासारखा गोड होता. आत्यानं चमकून बघितलं. दादा दाराकडे पाहून तिच्याजवळ वाकला आणि हळू आवाजात बोलला.

“पहिलीच घडी ना ही तुझी? ही सगळी खालून बघत उभी होती, म्हणून सोडली मी रोजची.” त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. “फार भीती वाटली गं मला. तुझ्या वहिनीला सांगू नकोस.”

“नाही सांगत,” आत्या म्हणाली.

“पण उघडली.”

“उघडली ना दादा.”

त्यानं समाधानानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कप संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग त्यानं तो रिकामा कप स्वतः धुतला आणि वहिनीचा हात धरून फाटकाकडे गेला. आत्यानं डबा उघडून चॉकलेटं बाहेरच्यांना नेऊन दिली. डबा फळीवरच्या बाकीच्या डब्यांवर ठेवला. एवढ्या डब्यांत ठेवायला तिच्याजवळ आता सुया उरल्या नव्हत्या.