माझ्या कमरेबद्दल खुलासा

मंडळी, आज दुपारी इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये समुपदेशकाच्या वेटिंग रूममध्ये बसलो होतो. दार उघडलं आणि आमचे शेजारी आत आले. हे मूळचे जॉर्डनचे. त्यांना अबू सामी म्हणू. नाव बदललंय, बाकी सगळं खरं.

मला पाहताच त्यांनी गालावर हात ठेवला. "डेंटिस्टकडे निघालो होतो." डेंटिस्ट खालच्या मजल्यावर आहे. मीही तत्परतेने कमरेवर हात ठेवला.

दोन प्रौढ गृहस्थ आपापला अवयव धरून पाच मिनिटं समोरासमोर बसलो. शेवटी तेच हसले.

"वडील गेल्यापासून झोप नाही," ते म्हणाले. "पण आम्हा अरबांत या डॉक्टरचं नाव निघालं की माणूस वेडा ठरतो, मुलीचं लग्न अडतं. अम्मानला आईला दातांचंच सांगितलंय. सहा महिने झाले. आता ती व्हिडिओ कॉलवर तोंड उघडायला लावून उरलेले दात मोजते."

"आमच्याकडेही हेच. मी कंबर सांगितली."

"हुशार आहात. कंबर कोणी मोजत नाही."

मोजत नाहीत, पण तेल पाठवतात.

'आधिव्याधी' या शब्दात मनाचं दुखणं पहिलं येतं. आम्ही मात्र त्याला देहाचा दाखला जोडल्याशिवाय घराबाहेर काढत नाही.

तेव्हा तेलाच्या चार बाटल्या पाठवणाऱ्या काकू, माझी कंबर ठणठणीत आहे. दर गुरुवारी मी मनासाठी जातो. बाटल्या परत न्याव्यात.

आणि बाकीच्यांनो, तुम्ही कुठला अवयव सांगता?