तिले अरुंधती दिसली नाही

मी चौथी पास. तीही दुसऱ्यांदा बसून. तरी दुर्बीण मी माझ्या हातानं केली, कोणाच्या पायाशी बसून शिकलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वर्ध्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो. कॉलेजातल्या एका मास्तरांच्या विहिरीवरची मोटर दुरुस्त करून दिली होती. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी अडीच इंचाचं एक भिंग माझ्या हातावर ठेवलं. मी पन्हाळीच्या पत्र्याची नळी वळवली, आतून काजळी फासली, डोळ्याकडच्या टोकाला जुन्या सूक्ष्मदर्शकाचा तुकडा बसवला आणि सिंदी मेघेतल्या घरामागच्या अंगणात बाभळीच्या खुंटावर सगळं चढवलं. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट.

चंद्र सगळेच पाहतात. मला त्याचा कंटाळा लवकर आला. वेड लागलं ते जोडताऱ्यांचं. साध्या डोळ्याला एक दिसतो, नळीतून पाहिला की दोन. सप्तर्षीच्या शेपटीत मधला वसिष्ठ, त्याच्याजवळ बारीक अरुंधती, हे आपल्याकडं लेकरालाही ठाऊक असतं. पण वसिष्ठ स्वतःच दोन आहे, त्याच्या अंगाला चिकटून आणखी एक बसलेला आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पाहिलं. जिनिंगमध्ये सांगितलं तर हेडफिटर म्हणाला, "पत्र्याची नळी होय ना बाप्पा, एकाचे दोन नाई दाखवन तं काय दाखवन?" त्याच्याशी मी चार महिने बोललो नाही.

मग समुद्रपूरला भावाच्या पोरीचं लग्न झालं. वैशाखातलं, गोरजाचं. सप्तपदी झाल्यावर भटजीनं नवरा-नवरीला मांडवाबाहेर नेलं आणि बोट वर करून अरुंधती दाखवली. आपल्याकडं लग्नात नव्या जोडप्याला तीच दाखवतात. बाकीच्या बायाही माना वर करून पाहू लागल्या. माझी बायकोही.

"कुठं व?" तिनं विचारलं. "मले तं काईच नाई दिसून राह्यलं."

"थे काय, झाडाच्या वर पाह्य," शेजारची एक बाई म्हणाली.

"झाड कुठं आहे?"

बाया हसल्या. भावाची सासू मात्र हसली नाही. ती बुढी मोठी जाणती म्हणून गाजलेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्याले अरुंधती दिसत नाई ना माय, थो सहा महिने काढत नाई. आमच्या सासऱ्याचं तसंच झालं."

एस.टी.नं मी बायकोला घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून लेकीसाठी वेगळं बांधलं. सांडग्यांचं पीठ किती, लोणच्याला मोहरी किती, हे शेजारच्या सुनेला समजावू लागली. मी विचारलं, "हे काय चालवलं तू?" तर म्हणाली, "कोणाले तं सांगून ठेवा लागन."

त्याच रात्री मी नळी वसिष्ठावर लावली आणि तिला बोलावलं. काय दिसणार ते मुद्दाम सांगितलं नाही. तिनं डोळा लावला.

"एक मोठी चांदणी. तिच्या कडेवर बसल्यावानी एक लहान. अन् तिकडं दूर अजून एक."

"थे दूरची अरुंधती होय," मी म्हणालो.

ती नळीपासून उठून खाटेवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग उठून चहा केला. लुगडं परत पेटीत गेलं.

मी जिंकलो होतो. हिचे डोळे ठणठणीत आहेत, हे मी गल्लीत, जिनिंगमध्ये, सगळीकडं सांगितलं. लेक नागपूरहून आली होती. तिनं पाहिलं की आईच्या हाताला दोन ठिकाणी भाजलंय आणि कपाळावर टेंगूळ आहे. ती म्हणाली, "बाबा, दवाखान्यात डोळ्यांचा कॅम्प लागला आहे. आईले घेऊन जा."

"काऊन? तिथं तक्त्यावरचे अक्षरं वाचाले लावतात. तुह्या मायले अक्षर येत नाई, म्हणून थे म्हणतील डोळे गेले. मी तिले तारे दाखवले आहेत. ताऱ्यापेक्षा बारीक काय असते तुह्या डॉक्टरजवळ?"

"पण बाबा, ती दाराच्या चौकटीले धडकून राह्यली."

"तिचं ध्यान नसते."

लेक निघून गेली. कॅम्पही उठला.

कार्तिकात सहा महिने भरले. मी बायकोला घेऊन मुद्दाम समुद्रपूरला गेलो आणि भावाच्या सासूसमोर तिला उभी केली. "पाह्य मावशी. जित्ती आहे. खाते-पिते, शिव्याबी देते."

बुढी म्हणाली, "बरं झालं बापू. मी का मेली पाह्यजे म्हटलं होतं?" आणि आम्हाला पोहे दिले. परतताना बायकोचा पाय ओसरीच्या पायरीवरून चुकला आणि ती दोन्ही गुडघ्यांवर पडली. मी म्हणालो, "समोर पाहून चालत जाय." ती समोरच पाहून चालत होती. हे मला आता कळतं.

पुढची तीन वर्षं ती माझ्यासोबत तारे पाहायची. माझ्यापेक्षा चांगली पाहायची, हे कबूल करायला मला जड जातं. पुनर्वसूतला एक तारा मला नुसता लांबट दिसे. तिनं पाहिला आणि म्हणाली, "दोन होय. मधात सूतभर जागा आहे." हंसाच्या चोचीतल्या जोडीतला एक हळदीवानी आणि एक निळा, हे तिनंच आधी सांगितलं. खुंटापर्यंत मात्र ती माझा हात धरून येई. मला वाटे, अंधाराला भीत असेल.

एका रविवारी वर्ध्याच्या बाजारात डाव्या बाजूनं सायकल आली. तिला दिसली नाही. मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या तरुण डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं, मग आपलं बोट तिच्या कानाजवळ धरलं.

"मावशी, बोट दिसतं?"

"कोणतं बोट?"

त्यानं बोट पुढं पुढं आणलं. जवळपास नाकासमोर आल्यावर ती म्हणाली, "हं, आता दिसलं."

दोन दिवस तपासण्या चालल्या. काचबिंदू निघाला. मी डॉक्टरला सांगितलं की ही दुर्बिणीतून जोडतारे वेगळे करते, माझ्यापेक्षा चांगले. त्याला राग आला असावा, पण तो शांतपणे म्हणाला, "काका, यात नजर कडेकडून मरत येते. मधली शेवटी जाते. दुर्बिणीत जेवढं गोल दिसतं, तेवढीच यांची नजर उरलीय. तुम्ही नेमकी तेवढीच तपासत होता. आभाळात तारा शोधता येत नव्हता, तेव्हा आणायला हवं होतं. राखता आली असती. गेलेली परत येत नाही."

मी म्हणालो, "तुम्ही लहान आहात."

लेक नागपूरहून आली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यावर चढली. "मी तेव्हाच म्हटलं होतं ना बाबा?"

मी उत्तर देण्याआधी बायको म्हणाली, "त्यायले काऊन बोलतं? मीच गेली नाई. मले दवाखान्याचं भेव वाटे. हे तं रोज म्हणत, चाल, चाल."

लेकीनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून बिडी काढली. ती खोटं बोलून राह्यली आहे, एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. ते मी त्या दिवशी म्हणालो नाही आणि पुढं बायको होती तोवरही म्हणालो नाही. लेकीला अजून वाटतं की आई हट्टी होती. आई हट्टी नव्हती.

डोळ्यांत घालायचे थेंब दोन वर्षं चालले. एका चैत्रात मी तिला हाताला धरून खुंटाजवळ नेलं. नळी वसिष्ठावर लावून ठेवली होती. तिनं डोळा लावला, मान जरा इकडं, जरा तिकडं केली.

"सरकला असन तारा," ती म्हणाली. "तुमी नीट लावा."

मी पाहिलं. दोन्ही तारे ऐन मधोमध होते, टिपून घ्यावेत असे. मी नळी उगाच थोडी हलवली, परत होती तिथं आणली.

"आता?"

तिनं डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हो, आता आहे," ती म्हणाली.

त्यानंतर मी तिला बोलावलं नाही.