ठरवायचं कुणी

आमच्या यांना सगळी इमारत बत्तिशी म्हणते. तोंडावर बत्तिशीकाका, पाठीमागे नुसतंच बत्तिशी. कारण सरळ आहे, हे दातांच्या कवळ्या बनवतात. स्वतः मात्र इतकं कमी हसतात की यांचे दात कसे आहेत ते लग्नानंतर कितीतरी दिवस मला नीट दिसलेच नव्हते.

कामाची जागा म्हणजे आमचीच मागची खोली. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एक छोटी शेगडी, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि सगळीकडे पांढरी भुकटी. मी ती सकाळी पुसते, दुपारपर्यंत पुन्हा हजर. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हे त्याचा साचा करतात, मग मेणाच्या हिरड्या घडवून त्यांत एकेक दात बसवतात. यांचा एक दात बसेपर्यंत माझ्या दोन चादरी इस्त्री होऊन घडी घालून होतात. मी पलीकडच्या रस्त्यावर लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी असते, दिवसभर उभी.

मेणाचे दात पेशंटच्या तोंडात घालून बघायचे असतात, पक्के करायच्या आधी. त्या दिवशी हे स्वतः दवाखान्यात जातात. गंमत अशी की पेशंटला हे काही विचारतच नाहीत. ज्याच्या तोंडात दात आहेत तो भिडेपोटी छानच म्हणतो, असं यांचं म्हणणं. हे बघतात सोबत आलेल्या माणसाकडे. एकदा मी यांचा डबा द्यायला गेले होते. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या तोंडात हे दात घालत होते आणि त्याची बायको समोर बसली होती. ड्रायव्हर आरशात बघून खूश. बायको काही बोलली नाही, पर्सची चेन उघडत-मिटत राहिली. यांनी निमूट दात काढून घेतले आणि घरी येऊन सगळे पुन्हा लावले. मी विचारलं, "अहो, ती तर काही म्हणालीच नाही." तर म्हणाले, "तेच तर. घरचं माणूस गप्प बसलं म्हणजे नाही."

कामात यांचा हात धरणारं कुणी नाही, हे मी बायको आहे म्हणून म्हणत नाही. पण टेबलावरून उठले की यांचं उत्तर एकच, बघू. भिंतीला कुठला रंग द्यायचा? बघू. मुलीची शाळा बदलायची का? बघू. सासूबाईंचं ऑपरेशन करायचं की नको? बघू. बघू म्हणजे तू बघ. मी बघत आले. शाळा बदलली आणि मुलगी वर्षभर उशीत तोंड खुपसून रडली. ऑपरेशन झालं आणि सासूबाई त्या खाटेवरून उठल्या नाहीत. यांनी मला कधी शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर भांडून मोकळी झाले असते. दोष कुणाच्या तरी गळ्यात पडणार आणि घरात दुसरा गळा पुढे येतच नव्हता.

मागच्या वर्षी यांच्या बहिणीचा मुलगा आला. त्याचं दुसऱ्या शहरात दातांचंच काम आहे, पण मोठं, मशीनवर चालणारं. शहर ना फार मोठं ना फार लहान. भाच्याला बोलायची हौस दांडगी. खुर्चीत बसल्याबसल्या सुरू झाला.

"मामा, इथं आता काय राहिलंय? तुमचे मोठे डॉक्टर दवाखाना बंद करतायत. बाकीचे दोघं तुम्हाला अजून किती वर्षं काम देतील? माझ्याकडे या. मागे दोन खोल्या आहेत, तळमजल्यावर. मामी, तुम्हाला जिने चढायला नकोत. फक्त महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघू," हे म्हणाले.

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा घोटाळा नको. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट लावणार लावणार असं ऐकत माझे केस पांढरे झाले. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून गुडघ्यांची पार वाट लागली आहे. संध्याकाळी पहिल्या मजल्यावर मी दम खायला थांबते, दुसऱ्यावर कठडा धरते, तिसऱ्यावर मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालते आणि चौथ्यावर किल्ली शोधताना रडकुंडीला येते. तळमजला हा शब्द भाच्याच्या तोंडून निघाला तेव्हा मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

पण मी ठरवलं, या वेळी बोलायचं नाही. काम यांचं, भाचा यांचा, उतारवयात हात धरून नव्या गावात जायचं तर ते यांनी म्हणायला हवं. मी चला म्हटलं आणि तिथं यांचं मन रमलं नाही, तर ते गप्प बसून मला जन्मभर ऐकवतील. मला आता कंटाळा आला होता. कष्टांचा नाही, ते काय, अंगवळणी पडलेत. ठरवण्याचा कंटाळा आला होता. एकदा तरी कुणीतरी मला म्हणावं, चल, सामान बांध, आपण निघालो. आणि मी खुशाल कुरकुर करत मागून जावं.

भाच्याच्या आग्रहावरून आम्ही आठवडाभर तिकडे राहून आलो. दोन खोल्या होत्या, लहानशाच. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट ओट्यावर यायचं. दार उघडलं की समोर सपाट जमीन, मग फूटपाथ, तोही तुटका नाही. कोपऱ्यावर भाजी, त्याच्या पुढे बसथांबा. पहिल्या दिवशी मी नुसतंच दारातून आत-बाहेर केलं. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वेड लागलंय. पाचसहा वेळा बाहेर गेले, आत आले, आणि गुडघा एकदाही कळवळला नाही.

हे भाच्याबरोबर कामाची जागा बघत होते. मीही एकदा गेले. खोली थंडगार, भिंती स्वच्छ, भुकटीचा कण नाही. तोंडाचे फोटो येतात, एक मुलगी कॉम्प्युटरवर दात लावते आणि काचेच्या पेटीत मशीन ते कोरून काढतं. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त शेवटची नजर टाकायची. कुठं खुपेलसं वाटलं तर जरा घासायचं. बाकी आराम." हे पेटीसमोर हात मागे बांधून उभे होते. मशीन थांबलं तसे म्हणाले, "छान आहे." दुसऱ्या दिवशीही तिथेच तसेच उभे होते, आणि पुन्हा छान आहे म्हणाले.

त्या आठवड्यात भाच्यानं मला दहादा विचारलं असेल, "मामी, आवडलं ना?" मी म्हणायची, "तुझ्या मामांना विचार." जीभ नुसती वळवळत होती. ओट्यावरचं ऊन बघून हो म्हणावंसं वाटायचं आणि मी कपबशा विसळायला घ्यायची.

परत आल्यावर यांनी सगळ्या जगाला विचारलं. न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला, जा. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, जाऊ नका, आम्हाला करमणार नाही. दवाखाना बंद करणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मीच काय करू ते मला कळत नाही. मुलीला फोन केला, तर ती हसून म्हणाली, "बाबा, आईला विचारा ना, नेहमीसारखं." हे फोन ठेवून माझ्याकडे बघत बसले. मी शर्टाचं बटण लावत होते, मान वर केली नाही.

"तिथला ओटा बरा होता, नाही?" यांनी हळूच विचारलं.

"असेल."

"ऊन फार येत होतं का?"

"उन्हाचं काय, येतं तसं येतं."

हे उठून मागच्या खोलीत गेले. मी दोरा दातानं तोडला आणि स्वतःला शाबासकी दिली. आता तरी गडी स्वतःच्या डोक्यानं ठरवेल.

महिना संपत आला त्या सुमारास एकदा लाँड्रीत कुठल्याशा हॉटेलचे पडदे आले होते. दिवसभर ते जड कापड उचलून पाय दगड झाले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच बसकण मारली. वर पोचले तेव्हा दार उघडंच होतं आणि यांनी चहा करून ठेवला होता. यांनी आपण होऊन चहा केला म्हणजे काहीतरी झालेलं असतं. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणाले,

"कळवलं मी भाच्याला."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी मनात भांडीसुद्धा बांधायला घेतली होती.

"काय कळवलं?"

"नाही म्हणून."

मी तशीच भिंतीला टेकून खाली बसले. गुडघे वाकवताना कळ आली, त्याचंही भान राहिलं नाही. "मला न विचारता?"

"विचारलं की," हे गोंधळून म्हणाले. "ओट्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं. तू काही बोललीच नाहीस. तिथंही आठवडाभर बोलली नाहीस. तुला हवं असतं तर तू माझा जीव खाल्ला असतास. पंखा हवा होता तेव्हा आठ दिवस डोकं खाल्लंस. या वेळी मी रोज बघत होतो तुझ्याकडे. तू गप्प. म्हटलं, हिला नको आहे आणि भाच्याचं मन मोडायला नको म्हणून सांगत नाही."

ड्रायव्हरची बायको माझ्या डोळ्यांपुढे आली. मी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढून मी त्याच्यापुढे गप्प बसले होते! चार शब्द वाकडे बोलले असते तरी चाललं असतं, पण गप्प बसायचं नव्हतं.

"मला जायचं होतं हो," मी म्हणाले. "मला तिथं राहायचं होतं. तुम्ही एकदा चल म्हणावं म्हणून मी तोंड शिवून बसले होते."

यांचा चेहरा उतरला. कप खाली ठेवला, खिशातून फोन काढला. "थांब. अजून दुसरा माणूस मिळाला नसेल त्याला. मी आत्ता सांगतो, येतो म्हणून."

नंबर लावायला लागले तेव्हा मी यांचे हात बघितले. मेण लागलेले, नखांत भुकटी. पेटीसमोर हेच हात पाठीमागे बांधून हे उभे होते.

"थांबा," मी म्हटलं. "आधी मला सांगा. तुम्हाला जायचंय का?"

"तू म्हणशील तर..."

"मी काही म्हणत नाहीये. मी विचारतेय. तुम्हाला जायचंय? हो की नाही?"

यांनी लावलेला नंबर पुसून टाकला. मग म्हणाले, "नाही."

आणि पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "नाही जायचं मला. तिथं मला काही करायचंच नाही. नुसतं उभं राहून बघायचं आणि छान आहे म्हणायचं. भाचा चांगला आहे, पण तो मला मामा म्हणून पोसणार. मला ते नको." आणि लगेच, सवयीनं, "पण तुझे गुडघे आहेत. तू म्हणालीस तर जाऊ आपण. तू सांग."

घ्या! इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी मी कान टवकारून बसले होते तो शब्द आला, तोही नेमका मला नको असलेला, आणि आला तसा पुन्हा माझ्याच ओटीत टाकून हा गृहस्थ मोकळा. मी हो म्हटलं असतं तर त्याच महिन्यात आम्ही सामान बांधलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. हो माझ्या अगदी ओठांवर होतं. मला इतका थकवा आला होता की कुणी उचलून नेलं असतं तर मी कुठेही गेले असते.

"नाही," मी म्हणाले. "मी सांगणार नाही. तुम्ही नाही म्हणालात ना? मग ते तुमचं. आता मागे घ्यायचं नाही. पण एक ऐकून ठेवा. रोज संध्याकाळी हा जिना चढताना मी तुमच्या नावानं खडे फोडणार आहे. पुढच्या वर्षी दोन्ही डॉक्टरांनी काम बंद केलं तरी तुमच्याच नावानं फोडणार आहे."

हे फोन हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, आता बघू म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी खरंच कप फेकून मारला असता.

"फोड," हे म्हणाले. "माझ्याच नावानं फोड."

यांनी फोन खिशात ठेवला, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि माझे पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतले. मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. सासूबाई गेल्या तेव्हापासून मानेवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, ते खरंच. पण मी रडत होते ती त्यासाठी नाही. मला ते सपाट दार हवं होतं. अजूनही हवं आहे.