कुसुमच्या घरचा वीर

देवाची कुठलीही मूर्ती दिसली की कुसुम गायधनी आधी नमस्कार करायची आणि मग शेजारच्याला विचारायची, "हा माणूस असताना कोण होता?" केंब्रिजच्या आमच्या गणपतीत तिने हे थेट गुरुजींनाच विचारलं. गुरुजी एरवी बँकेत नोकरी करायचे. हातातलं निरांजन तसंच धरून ते म्हणाले, "वहिनी, गणपतीचं असं नसतं हो." कुसुम म्हणाली, "नसेल. पण विचारायला काय हरकत आहे?"

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलेलं नाही आणि तुमच्या ऑकलंडपर्यंत तिच्याबद्दल भलतंच काही पोचलं आहे, असं परवा फोनवर कळलं. म्हणून क्रमाने लिहिते.

कुसुम नाशिकची. तिचा नवरा अरविंद आणि तुमचे आजोबा एकाच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. तिच्या देव्हाऱ्यात इतर देवांबरोबर चांदीचा एक छोटा टाक होता, त्यावर घोडेस्वार उमटवलेला. तो तिच्या माहेरचा वीर, म्हणजे घरातला अकाली गेलेला पूर्वज. नाशिकला धूळवडीच्या दिवशी असे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात. कुसुमला भाऊ नव्हता, म्हणून टाक तिच्याबरोबर इंग्लंडला आला. हा वीर तिच्या आजोबांचा चुलता. गुरं वाचवताना रानडुकराने त्याला फाडलं, अशी गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती म्हणायची, "विमल, मेल्यावर जो घरच्यांना झोपू देत नाही, त्याचा देव होतो."

ह्या एका वाक्यामागे ती पोर्तुगालपर्यंत गेली. तिथे रोमनांच्या काळात एका टेकडीवर एन्दोवेलिकस नावाच्या देवाचं ठाणं होतं. दुखणं बरं व्हावं म्हणून लोक त्याला नवस बोलायचे आणि नवस फेडताना संगमरवरी शिळा उभ्या करायचे. तो मुळातच देव, की त्या मुलखातला कुणी शूर माणूस ज्याला लोकांनी मागाहून देव केलं, ह्यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्याच्या काही शिळांवर रानडुक्कर कोरलेलं आहे. बाकीचे म्हणत, ते बळीचं जनावर. कुसुम म्हणायची, तेच त्याचं मरण. मुलं मोठी झाल्यावर तिने ह्याच विषयावर पीएच.डी. केली.

नव्वदच्या सुमारास अरविंदला लीड्सला कन्सल्टंटची जागा मिळाली. त्याच सुमारास कुसुमचं नाव केंब्रिजमधल्या एका फेलोशिपसाठी शेवटच्या दोघांत आलं. ती मिळाली तर तिने इथे राहून पुस्तक पुरं करायचं, नाही मिळाली तर सामान बांधून लीड्स गाठायचं, असं ठरलं होतं. निर्णय एका भाषणावर होता. भाषणाच्या दिवशी दुपारी दोघं माझ्याकडे जेवायला आली. बरोबर नाशिकहून आलेल्या कुसुमच्या अक्काआत्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या, नऊवारीवर अरविंदचा ओव्हरकोट.

कुसुमचं जेवणात लक्ष नव्हतं. आमटीभात कालवून ती नुसती बसली होती. आत्या म्हणाल्या, "कुशे, जेव. लहानपणीही अशीच करायचीस. मग मला ते डुक्कर काढावं लागायचं."

"कुठलं डुक्कर?"

"अगं, वीराचं. प्रत्येक घासाला डुक्कर एक पाऊल पुढे यायचं. शेवटच्या घासाला वीर त्याला मारायचा."

"आणि ते त्याला मारायचं."

"ते तू मोठी झाल्यावर. तुझी भूक वाढली, मग मीही गोष्ट वाढवली." आत्या ताक प्यायल्या. "डुक्कर कसलं आलंय? प्लेगात गेला तो. लग्न ठरलं होतं. तो गेल्यावर घरात एकेक जण अंथरूण धरायला लागला, म्हणून टाक केला."

मी वाढायची थांबले. कुसुमच्या भाषणातला सगळा भार त्या डुकरावर होता, हे मला ठाऊक होतं, कारण तिने ते माझ्यासमोर तीनदा वाचून पाहिलं होतं. घरचा वीर डुकराने मारला आणि मग देव झाला, तसाच एन्दोवेलिकस; हा तिचा एकमेव जिवंत दाखला.

जेवून आम्ही भाषणाला निघालो. गाडी मी चालवत होते. मग अरविंद हळूच म्हणाला, "एक पॅराग्राफ आहे, कुसुम. कोण नाशिकला जाऊन चेक करणार आहे?"

"आत्या हॉलमध्ये बसणार आहे."

"आत्याला इंग्रजी येतं का?"

मागच्या सीटवरून आत्या म्हणाल्या, "माझं काय चाललंय?"

"काही नाही आत्या," कुसुम म्हणाली. "तुझ्या डुकराचं कौतुक चाललंय."

हॉलमध्ये आम्ही मागे बसलो. समोर निवड करणारे चौघे, त्यांत एक वयस्क प्रोफेसर, एन्दोवेलिकस कधीच माणूस नव्हता असं आयुष्यभर लिहीत आलेले. कुसुमने सुरुवात छान केली. मग ते पान आलं. ती थांबली. इतका वेळ थांबली, की कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तिने चष्मा काढून आत्यांकडे पाहिलं. आत्यांना वाटलं, कसं चाललंय विचारते आहे. त्यांनी जोरात मान डोलावली.

"इथे मी माझ्या घरचं उदाहरण दिलं आहे," कुसुम म्हणाली. "ते चूक आहे. मला आज जेवताना कळलं."

काहीजण हसले. ती हसली नाही. तिने आत्यांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. "आमच्याकडे देव आधी झाला आणि डुक्कर नंतर आलं. त्याला शंभर वर्षंही लागली नाहीत. म्हणजे शिळेवरच्या डुकरावरून मी माणसापर्यंत पोचू शकत नाही."

प्रोफेसरांनी विचारलं, "मग तो माणूस होता, असं तुमचं म्हणणं नाही?"

"मला वाटतं, होता. पण दाखवून देता येत नाही."

"वाटणं पुरत नाही."

"माहीत आहे," कुसुम म्हणाली आणि उरलेली पानं न वाचता बसली.

फेलोशिप दुसऱ्याला मिळाली. अरविंद तिला एका शब्दाने बोलला नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. लीड्सला गेल्यावर पहिलं वर्षभर तिने पुस्तकांची खोकी उघडली नाहीत.

पण दर धूळवडीला ती टाक घेऊन मागच्या बागेत यायची. एका वर्षी मी तिथे होते. शेजारपाजारची मुलं जमली होती, आणि कुसुम त्यांना पुरणपोळीचे घास देत रानडुकराची गोष्ट सांगत होती.

मी म्हटलं, "अगं, हे खोटं आहे ना?"

"हो. पण मुलं जेवतायत बघ."

त्यानंतर काही वर्षांनी ती कॅन्सरने गेली. शेवटच्या भेटीत मी तिला विचारलं, त्या दिवशी गप्प बसली असतीस तर? ती म्हणाली, "मग मी कुठल्या तोंडाने देवाला विचारलं असतं गं, माणूस असताना कोण होतास म्हणून?"

आता तुमच्याकडे पोचलेली गोष्ट. कुसुमने भाषणात सगळ्यांना गप्प केलं आणि तो म्हातारा प्रोफेसर उठून तिच्यासमोर वाकला, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं आहे. मी तिथे होते. प्रोफेसर उठले हे खरं. त्यांना ट्रेन गाठायची होती. वाकले ते खुर्चीखालची छत्री घ्यायला. आणि कुसुम हरली.

पुढे तुमच्या मुलांना सांगाल तेव्हा एवढंच सांगा. वरून डुक्कर घालू नका. मुलं जेवत नसली, तर मात्र तुमचं तुम्ही बघा.