क्लचपर्यंत पोचणारा पाय

मुलीचं लग्न झालं, मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला आणि आमची सात जणांची गाडी दोघांना फारच मोठी पडू लागली. डिझेलही भरपूर खायची. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं वर्धा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. मला चांगला अ‍ॅव्हरेज देणारी, वाटेत बंद न पडणारी छोटी गाडी हवी होती.

तिथे उमरेडहून आलेल्या साठीच्या एक बाई होत्या. प्रत्येक छोट्या गाडीत त्या स्टिअरिंगसमोर बसत, सीट पुढे ओढत आणि क्लचपर्यंत पाय पोचतो का ते बघत. त्यांचे यजमान त्यांची पर्स काखेत धरून निवांत मागे फिरत होते.

"तुम्हीच चालवणार?" माझ्या बायकोने त्यांना विचारलं.

"हो वं बाई. मोठ्या गाडीत जिंदगीभर मागं बसून लेकरं अन् डबे सांभाळले. आता दोघंच आहो. मंग मी काहून मागं बसू? क्लासले जाऊन राहिली."

"ब्रेक जोरात मारते, पण चालवते बरी," यजमान कौतुकाने म्हणाले.

त्या हसत पुढच्या गाडीकडे वळल्या. बायको क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्याकडे लग्नाआधीपासून लायसन्स होतं. मी पसंत केलेल्या पांढऱ्या गाडीचं दार उघडून ती आत बसली आणि तिने सीट पुढे ओढली.

तीच गाडी घेतली. घरी येताना कितीतरी वर्षांनी मला खिडकीबाहेरचं नागपूर नीट बघायला मिळालं.