दोन आखूड, एक लांब

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना मेकॅनिक तीनच वाक्यं बोलायचा. "हात द्या. खाली बघू नका. पाऊल टाका." एकतीस वर्षांत त्यात शब्दाचा फरक पडला नव्हता. माणसं हात द्यायची, बाहेर यायची आणि हात सोडून जिन्याकडे अशी पळायची की आभार मानायचंही भान राहायचं नाही. मेकॅनिकला त्याचं काही वाटत नसे. खोक्यातून सुटलेला माणूस आधी पळतो, सभ्यता मागून येते, असं तो म्हणायचा.

तो स्वतः मात्र दोन वर्षं अडकून पडला होता. पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो, त्याची थोरली बहीण आणि एक कुत्रा असे तिघं राहत. ताईला अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हिला सलग तीन तासांच्या वर एकटं ठेवू नका. मेकॅनिकने ते वाक्य असं डोक्यात ठोकून घेतलं की पुन्हा डॉक्टरला विचारायलाही गेला नाही. जवळपासच्या इमारती आणि अर्धी पाळी मागून घेतली. सकाळी नऊला निघायचं, बाराच्या ठोक्याला घरात. त्यानंतर भरवणं, पुसणं, कूस बदलणं, धुणं, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची बघणं.

आईबाप गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, स्वतःचं लग्न बाजूला सारून. त्यामुळे कुरकुर करायला त्याला तोंड नव्हतं, पण पोटात कुरकुर होतीच. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई ताईला बघायला आल्या होत्या. त्यांना निरोप देताना दारात तो हसत हसत बोलून गेला, "ही एकदा उठून चालायला लागली की मी सुटलो बघा, बाई!" बोलण्याच्या ओघात माणूस बोलतो. खाट दारापासून चार पावलांवर होती आणि ताईची वाचा गेली होती, कान गेले नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

कुत्र्याचं नाव साहेब. तपकिरी, एक कान मोडका, उंची गुडघ्याच्या खाली आणि रुबाब कलेक्टरचा. मेकॅनिकचा कान मोठा तयार होता. लिफ्ट नुसती वरून खाली आली तरी दोष कप्पीत आहे की मोटरमध्ये, हे तो डोळे मिटून सांगायचा. घरात अडकून पडल्यावर तोच कान त्याने साहेबांकडे लावला, दुसरं ऐकण्यासारखं होतं काय तिथे? वाडगं रिकामं झालं की साहेब एकदाच भुंकत, थांबून बघत, मग पुन्हा एकदा. बाहेर जायचं असलं की एका दमात सात-आठ. चेंडू कपाटाखाली गेला की असा रडका सूर लावत की जणू घरदार बुडालं. शेजारच्या कुत्र्याला यातलं काही येत नव्हतं, त्याची भाषा निराळी. साहेबांनी ही सगळी बोली मेकॅनिकवरच घडवली होती. ज्या भुंकण्याने काम झालं ते ठेवलं, ज्याने झालं नाही ते टाकून दिलं. कोण कोणाला शिकवतंय, हा प्रश्न मेकॅनिकला कधी कधी पडायचा, पण तोवर साहेबांचा पुढचा हुकूम सुटलेला असायचा.

त्यातली दोन भुंकणी दुधाची होती. गॅसवर दूध चढवलं की साहेब शेगडीसमोर बैठक मारत. दूध वर येऊ लागलं की आधी घशात गुरगुर आणि मग तीन कडक आवाज. मेकॅनिकने दुधाकडे बघणंच सोडून दिलं होतं. तो खुशाल कपडे वाळत घालायचा आणि तीन आवाज झाले की धावत जाऊन गॅस बंद करायचा. मग तो चमचा घेऊन भांड्याच्या कडेची साय खरवडायचा. चमचा दिसताच साहेबांचं दुसरं भुंकणं निघायचं, दोन आखूड आणि एक लांब, लांबाचं टोक वर उचललेलं. हे भुंकणं जगात फक्त सायीसाठी होतं.

म्हणूनच मास्तरीणबाईंनी तक्रार केली तेव्हा तो चिडला होता. "भाऊ, रोज सकाळी अकराला तुमचा कुत्रा गातो हो. दोन छोटी आणि एक लांब तान. माझा डोळा लागायला आणि त्याला गायला एकच वेळ!"

"शक्यच नाही, बाई. अकराला घरात ताईशिवाय कोणी नसतं. ते भुंकणं तो चमचा बघितल्याशिवाय काढत नाही."

"मग माझे कान खोटे?"

"कान खरे असतील, कुत्रा दुसरा असेल."

त्याच आठवड्यात दुधाला हल्ली साय धरत नाही म्हणून तो दूधवाल्याशीही कडाकडा भांडला होता. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात असं काही त्याच्या मनात आलं नाही.

त्या दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशात कंपनीचं पत्र होतं. दुसऱ्या गावी कंपनीची नवी कार्यशाळा उघडली होती, तिथे नव्या मेकॅनिकांना शिकवायला त्यालाच बोलावलं होतं. आठवड्यातले पाच दिवस तिकडे राहायचं. फोन करून होय की नाही ते कळवायचं, मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. आपल्या कानात जे आहे ते कोणाला तरी देऊन जावं, ही त्याची फार जुनी इच्छा होती. उत्तर अर्थातच नाही, हे तो आठ दिवस जाणून होता. तरी फोन उचलून तेवढा एक शब्द उच्चारायला जीभ रेटत नव्हती.

चार वाजता त्याने दूध चढवलं, फोन ओट्यावर ठेवला आणि कचऱ्याची बादली घेऊन निघाला. दोन मिनिटांचं काम, म्हणून दार लोटून घेतलं. एरवी तो जिन्यानेच जायचा. या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे होती आणि तिचा आवाज ऐकून त्याचे दात आंबायचे. पण आज डोकं पत्रात होतं, पाय आपोआप लिफ्टमध्ये गेले.

चौथ्याच्या खाली लिफ्टने एक हिसका दिला आणि ती थांबली.

त्याने घंटेचं बटण दाबलं. घंटा मेलेली होती. जाळीच्या दारापलीकडे समोर भिंत, वरच्या बाजूला चौथ्या मजल्याच्या फरशीची वीतभर फट. अंगाला घाम फुटला तसा तो स्वतःलाच म्हणाला, बस खाली, श्वास घे, दाराशी खटपट करू नकोस. हेच तो लोकांना सांगायचा. सांगायला किती सोपं असतं ते त्याला आज कळलं.

आणि वरून, लोटलेल्या दारातून, लिफ्टच्या पोकळीतून साहेबांची गुरगुर आली. पाठोपाठ तीन कडक आवाज.

दूध वर आलं होतं.

पुन्हा तीन. पुन्हा तीन. दूध उतू जाणार, ज्योत विझणार, गॅस घरात भरणार, आणि दारापासून चार पावलांवर ताई, जिला कूससुद्धा बदलता येत नाही. मेकॅनिकने बूट काढला आणि जाळीवर दणादण हाणायला सुरुवात केली. एकतीस वर्षं अडकलेल्यांना जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं त्याने केलं. ओरडला, लाथा मारल्या, जाळी ओरबाडली, ताईच्या नावाने हाका मारल्या.

खालून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "कोण आहे? भाऊ, तुम्ही? तुम्हीच अडकलात?"

"बाई, वर जा! गॅस चालू आहे, दार उघडंच आहे! पाया पडतो, पळा!"

"अहो, माझे गुडघे..." म्हणत बाई निघाल्या. त्यांची एकेक पायरी त्याला ऐकू येत होती. पाय, काठी, सुस्कारा. पाय, काठी, सुस्कारा. वर साहेब आता न थांबता भुंकत होते.

मग भुंकणं थांबलं.

ती शांतता त्याला सोसवेना. इतका एकटा तो कधी पडला नव्हता. उठून चालायला लागली की मी सुटलो, हे आपलंच वाक्य त्याला आठवलं आणि ती अशी गेली तरी आपण सुटूच, हेही मनात येऊन गेलं. त्या विचाराची त्याला इतकी शरम वाटली की त्याने कपाळ जाळीवर आपटलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. दोन आखूड, एक लांब. लांबाचं टोक वर उचललेलं.

मेकॅनिकने कान टवकारले. मोटरचा आवाज तो चुकला असता, हा चुकणं शक्य नव्हतं. कोणीतरी गॅस बंद केला होता. कोणीतरी हातात चमचा घेतला होता.

"हाच!" जिन्यातून बाई ओरडल्या. "हाच तो अकराचा! आता म्हणा माझे कान खोटे!"

"थांबा बाई, आता वर जाऊ नका," तो म्हणाला. "काम झालं. तेवढा त्या लिफ्टवाल्यांना फोन लावा."

दुसऱ्या कंपनीचा माणूस यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मेकॅनिकला आधी आनंद झाला आणि मग संताप आला. दोन वर्षं! ताई हातावर हात ठेवून पडून राहिली आणि मी घास भरवत होतो. गच्ची बघत होतो. लिफ्ट खाली आली, जाळी सरकली, त्या माणसाने हात दिला आणि म्हणाला, "काका, घाबरू नका." मेकॅनिकने त्याचा हात धरला, सोडला आणि जिन्याने वर पळाला.

स्वयंपाकघरात शेगडीवर थोडं दूध सांडलं होतं, गॅसचं बटण बंद होतं. भांड्यावर ताटली आणि ताटलीवर पालथा डाव ठेवला होता, ताई पूर्वी ठेवायची तसा. साहेबांची थाळी चाटून लख्ख झाली होती.

ताई खाटेवर पडून होती. पांघरूण गळ्यापर्यंत, डोळे घट्ट मिटलेले, छाती मात्र धावल्यासारखी वरखाली होत होती. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला साय लागली होती. मेकॅनिक खाली वाकला. इस्पितळातून आणताना त्याने घेतलेल्या सपाता खाटेखाली होत्या, त्याच्या समजुतीप्रमाणे नव्या कोऱ्या. त्याने एक उलटून बघितली. डाव्या पायाचा तळ बराच झिजलेला होता. उजव्या पायाची पुढची कड खरवडून गेली होती, पाय ओढत चालणाऱ्याची जाते तशी.

किती महिने ती रोज तीन तास चालत होती, आणि बाराच्या ठोक्याला परत येऊन मेल्यासारखी पडत होती! उरलेले एकवीस तास कूस न बदलता. ते एकवीस तास मोजले आणि त्याचा संताप कुठल्या कुठे गेला. तो अडकला होता तरी जिन्याने उतरू शकत होता. हिला तेवढंही नव्हतं. आणि हिला या खोक्यात बंद कोणी केलं, तर त्यानेच, ही उठली की मी सुटलो असं दारात उभं राहून हसत हसत बोलून.

त्याने सपाता उचलून खाटेशी नीट मांडल्या. मग तो उभा राहिला आणि हात पुढे केला.

"हात दे," तो म्हणाला. "खाली बघू नकोस. पाऊल टाक."

ताईने डोळे उघडले. मग पांघरूण सारलं, सायीचा हात त्याच्या हातात दिला आणि उठून उभी राहिली. साहेब दारापाशी जाऊन एका दमात सात-आठदा भुंकले. दोघांपैकी कोणी हललं नाही.

"मला एक फोन करायचाय," मेकॅनिक म्हणाला. "पाचच्या आत."

ताईने मान हलवली. तिला सगळं ठाऊक होतं, घरात फिरताना वाचलेलं पत्रसुद्धा. पण हात तिने सोडला नाही. पकड काही फार जोराची नव्हती, त्याने नुसतं बोट सरळ केलं असतं तरी सुटली असती. आजवर ज्याला ज्याला त्याने बाहेर काढलं होतं, त्या प्रत्येकाने सगळ्यात आधी त्याचा हात सोडला होता.

पाचाला दहा कमी होते. फोन ओट्यावर होता, सात पावलांवर. मेकॅनिक हात तसाच देऊन उभा राहिला.