टाकीवर गेलेला माणूस

"बापाला टाकीवर टाकू देणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

किसन वडिलांना व्हरांड्यातल्या बाकावरून उठवायला वाकला होता आणि मी दारात आडवी उभी होते. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. मी भोकरदन तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स. किसनचे वडील, रंगनाथमामा, मेंढरांमागं उभा जन्म चाललेला दणकट गडी. त्या दिवशी बसल्या जागी धापा टाकत होते.

बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते हे यंत्र सांगतं. धडधाकट माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या पुढं असतो. मामांचा पंच्याऐंशी होता. जालन्याहून अँब्युलन्स निघाली होती, पण तोवर ऑक्सिजन द्यायलाच हवा होता.

आणि किसन म्हणत होता, घरी नेतो.

टाकी म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर. गावाचा हिशेब सरळ होता. ज्याला टाकी लावली तो परत आला नाही. माणसं दुखणं अंगावर काढायची, ओठ निळे पडले की मग आणायची. तेव्हा सिलिंडर तरी काय करणार? पण गावाला दिसायचं ते एवढंच की टाकी लावली आणि माणूस गेला. गावात "टाकीवर गेला" म्हणजे संपला, असाच अर्थ झाला होता.

आमचे डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावात होते. मी फोन लावला.

"नातेवाईक नको म्हणत असतील तर जबरदस्ती करता येत नाही, सिस्टर."

"सर, सोडलं तर हे उद्या दिसायचे नाहीत."

"मग समजवा ना. आज तुमच्या जिभेला काय झालंय?"

माझी जीभ तालुक्यात प्रसिद्ध आहे. तीच वापरून मी किसनला चार शब्द सुनावले होते, आणि तो जास्तच अडून बसला होता. तेवढ्यात पायरीवर बसलेल्या गयामामी, त्याची आई, पहिल्यांदा बोलल्या.

"सिस्टर, टाकीत गॅसच असतो ना? आमच्या चुलीजवळच्या टाकीत बी गॅसच हाये. वास आला तरी खिडक्या उघडाव्या लागतेत. मंग तोच नाकात सोडल्यावर माणूस कसा जगंल?"

माझा राग झटक्यात उतरला. अगं बाई, ही भीती तर अगदी शहाण्या माणसाची होती! आम्ही जागोजागी "घाबरू नका" लिहून ठेवलं होतं. कशाला घाबरताय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

कोपऱ्यात कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, उभा होता. तो ढकलत आणला.

"मामी, ह्याला टाकी दिसते का कुठं? ही चाळणी आहे. तुम्ही पीठ चाळता तशी ही खोलीतलीच हवा आत ओढते, कामाची तेवढी नळीतून देते आणि बाकीची बाहेर टाकते. चुलीचा गॅस वेगळा, हा वेगळा."

"बोलायला काय जातंय तुमचं?" किसन म्हणाला.

"काही जात नाही. म्हणून बोलत नाही, करून दाखवते."

मशीन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. नवी नळी काढली, तोंडावरचा मास्क खाली केला आणि नळी स्वतःच्या नाकात लावून खुर्चीवर बसले. मशीन घरघरायला लागलं. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत राहिले, आता ही पडते की मग.

"कसं वाटून राह्यलं?" मामींनी विचारलं.

"शेतात झाडाखाली बसल्यावाणी."

बाकावरून मामांचा हात हलला. एका दमात एकच शब्द निघत होता. "लाव... जल्दी."

मशीन परत बाकाजवळ आणून त्यांच्यासाठी दुसरी नळी जोडली. किसन बाजूला सरला. आकडा अठ्ठ्याऐंशी झाला, मग नव्वद, मग ब्याण्णव. मामी आकड्याकडं नाही, नवऱ्याच्या छातीकडं बघत होत्या.

अँब्युलन्स आली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं आणि आत हीऽ मोठी टाकी! किसन जागच्या जागी थिजला. झालं, मी मनात म्हटलं, सगळं मुसळ केरात. पण मामीच पुढं झाल्या.

"ह्याच्यात काय हाये, सिस्टर?"

"तेच. कारखान्यात हवेतून वेगळं काढून भरून ठेवलेलं."

"मंग हे आधी सांगायला काय झाल्तं? किसन, उचल त्यांला!"

मामा जालन्याहून हाडांचा सापळा होऊन परतले, पण परतले. टाकीवर गेलेला माणूस पारावर बसलेला गावानं पाहिला. पुढं लोक वेळेत यायला लागले, आपल्या पायांनी चालत. "सिस्टर, चाळणी मोकळी हाये का?" असं विचारत. सगळेच वाचले असं नाही. पण टाकीच्या भीतीनं दारातून परत कुणी गेलं नाही.

आता कुठल्याही गावात आरोग्यावर बोलायला गेले, की औषध, यंत्र, आजार, जे असेल ते समोर ठेवते आणि आधी विचारते, "तुमच्यात याला काय म्हणतात?" माझं बोलणं त्यानंतर.